धवल्यातली एक ओळ

गुरुजी, तुम्ही गेल्याचं मला पेणच्या बाजारात कळलं आणि मला काडीचंही वाईट वाटलं नाही. हे आधीच सांगून टाकते.

त्या दिवशी तुम्ही इतिहासाच्या तासाला प्रत्येकाला मूळ गाव विचारत होतात. थोरला भाऊ नापास होऊन माझ्याच वर्गात बसलेला. तो उठून म्हणाला, "आमी इथलेच, खारीतले." तुम्ही हसलात. "खारीला कसलं मूळ? इंग्रज साहेबाच्या हुकमानं माझे पणजोबा कारकून म्हणून इथे पहिले उतरले, समुद्र हटवून बांध घातला, ही जमीन काढली त्यांनी. तुम्ही मागाहून भरतीबरोबर वाहून आलेली माणसं." दुसऱ्या दिवसापासून पोरं त्याला 'वाहत्या' म्हणायला लागली. थोडे दिवस त्याने सोसलं, मग मिठागरात गेला तो गेलाच. टाचांच्या भेगांत मीठ शिरलं की तो दातओठ खायचा, आणि मी तुम्हाला शिव्या घालायचे.

आमच्यात लग्न लावायला धवलारीण येते. पूर्वजांना आणि ते जिथे जिथे थांबले तिथल्या देवीला ती धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, गाऊन आवतण देते. भावाच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा जिते गावच्या धवलारणीला मी सगळा धवला सावकाश म्हणायला लावला आणि त्याच क्रमाने एसटीने फिरले. धवल्यातली पूर्वजांची वाट अशी: रेवदंडा, तिथून खाडीने रोहा, पायी नागोठणं, मग होडीने धरमतर. बांधाला माणसं हवी होती म्हणून आमची माणसं बायकापोरं घेऊन अशी आली. प्रत्येक ठिकाणी देवी सापडली. आम्ही वाहून आलो नव्हतो, गुरुजी.

शेवटी एक ओळ येते. बांध पुरा झाल्यावर कारकून आले. होडी लागायला धक्का नव्हता, कमरेएवढा चिखल, तेव्हा आमच्या माणसाने त्यांना खांद्यावर बसवून उतरवलं. आडनाव तुमचंच. आणि तेव्हापासून प्रत्येक लग्नात आमच्या पूर्वजांबरोबर त्यांनाही आवतण जातं.

तुमचा मुलगा रोह्याजवळ वरसेला राहतो. मुद्दाम जाऊन मूळ गाव विचारलं. "आम्ही मूळचे इथलेच," म्हणाला. त्याला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नाही. मी चहा प्यायले आणि उठले. तुमचे पणजोबा कसे आले हे आता फक्त आमच्या धवल्यात उरलंय हे कळल्यावर मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

धवलारणीला म्हटलं, ती ओळ घेऊ नकोस. ती दचकली. "बाय गो, जुनी ओळ हाय. बोलावल्याला कसा टाकू?"

"टाक. माझ्या भावाच्या मांडवात तो नको."

तिने ओळ टाकली. शेजारी तिची सून शिकायला बसली होती, ती आता तसंच गाईल. पोरीला हळद लागत होती आणि मी मनात म्हणत होते, बसा आता चिखलात.

भाऊ माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, "कारकून ऱ्हायला गो बोलवाचा."

त्याला ती ओळ लहानपणापासून पाठ होती. त्या दिवशी वर्गात उभा होता तेव्हाही.

"विसरली असेल ती," मी म्हटलं. हे पत्र कुठेच जायचं नाही. तुमचं मला काही वाटत नाही, पण त्याच्याशी खोटं बोलले ते टोचतं.