एकशे अठराची सरळ रेघ

चि. धाकट्यास, थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

चष्मा तुझ्या कपाळावर आहे; तो आधी खाली ओढ आणि मग हे पत्र वाच. कोणाचं आहे असा प्रश्न पडलाच, तर तुला बहीण एकच आहे. इकडे आम्ही खुशाल; मी सांगते आहे, नात लिहिते आहे. गुडघे दोन्ही आहेत, दुखतातही दोन्ही. तुझी तब्येत मात्र विचारत नाही, कारण त्याबद्दल तू जे कळवलंस त्यावरूनच घरात चार दिवस गोंधळ चालला आहे.

तुझ्या रक्तातल्या साखरेचे तीन महिन्यांचे आकडे तू नातीला पाठवलेस, की तिने कॉम्प्युटरवर त्यांचं हलतं चित्र करून तुझ्या डॉक्टरांना द्यावं. (ती ऑफिसातही हेच करते. आकडे घातले की पडद्यावर रेघ वर-खाली पळते. याचा पगार मिळतो.) पहिल्या दिवशी पडदा कोरा. म्हणाली, चित्र तयार केलं, पण प्रोग्राममध्ये कुठे धरून ठेवलं नाही, म्हणून यंत्राने टाकून दिलं. मला ते यंत्र लगेच घरातलं वाटलं. तुझ्याही डोक्यात काही धरून ठेवल्याशिवाय राहत नाही. दुसऱ्या दिवशी जुनी तारीख न पुसताच तिच्यावर नवी उमटू लागली, नुसता काळा ठिपका. तेही निस्तरलं. तिसऱ्या दिवशी रेघ निघाली, ती पट्टीने आखल्यासारखी सरळ.

पोरीला वाटलं, पहिलाच आकडा पुन्हा पुन्हा उचलला जातोय. अर्धा प्रोग्राम खोडून परत लिहिला. ऑफिसातला तिचा एक जाणकार मित्र आला, दोनदा चहा प्यायला, मान हलवून गेला. मान हलली, रेघ नाही. शेवटी मी म्हटलं, बाई, आकडे मोठ्याने वाच. एकशे अठरा, एकशे अठरा, एकशे अठरा. आठव्याला मी थांबवलं. तर म्हणते, "आजी, मामाआजोबा असं कशाला करतील?" (एवढी शिकलेली मुलगी चार दिवस स्वतःची चूक शोधत बसली, पण तुझ्यावर संशय घेतला नाही. थोडी लाज वाटली तर वाटू दे.) मला अक्षरं वाचता येत नाहीत, तू येतोस. लहानपणी टॉनिकचा चमचा रोज कुंडीत ओतून आईला रिकामी बाटली दाखवायचास. रोप मेलं, तू वाचलास. या वेळी मध्ये कुंडी नाही.

तुझी ताई

ता.क. साखर तीन महिने जागची हलली नाही तर इंजेक्शन निम्मं करू, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून हा उद्योग. चित्र मी अडवून ठेवलंय. गुरुवारपर्यंत रोज बोट टोच आणि येईल तो आकडा कळव, लाजिरवाणा असला तरी. तू वर-खाली झालेला मला चालेल. अगदी सरळ रेघ मी याआधी एकदाच पाहिली आहे, इस्पितळात, आईच्या उशाशी.

आणखी एक. भावजय लेकीकडे गेल्यापासून तुझ्या कपाटात लोकरीच्या कपड्यांखाली क्रीमच्या बिस्किटांचा डबा असणार. (लपवायची जागा तेवढी तू विसरत नाहीस.) तो मला पाठव, भरलेला, माझी साखर कोणी मोजत नाही. नातीला कळू देऊ नकोस. आता मी सांगते तेच ती लिहिते की नाही, हे मला कळायला मार्ग नाही, म्हणून शेवटचं पुन्हा एकदा नीट सांगते: डबा शेजाऱ्यांना देऊन टाक, आणि आजीसाठी दोन किलो काकड्या पाठवा.