हवालदार कायमचे घरी

१ नोव्हेंबर
चोवीस वर्षं फौजेत काढून हवालदार काल घरी आले. आता कायमचे. नाव मनवरसिंह, पण गाव हवालदार म्हणतं, मीही तेच म्हणते. माणसाचं पार लाकूड करून पाठवलंय. मी आहे तशीच आहे. आठ दिवसांत यांना घरातला माणूस करते.

४ नोव्हेंबर, सकाळ
पाच मिनिटांत जेवतात. ताट स्वतः घासतात. बाजारात जाऊ का, विचारून दारात उभे. म्हटलं, मला काय विचारता, पाय तुमचे. तरी उभेच. ‘जा’ म्हटलं तेव्हा हलले. ऐकतात माझं. वळण लागतंय.

९ नोव्हेंबर
आठ दिवस झाले. पण दोन दिवस फौजेतली रम प्यायला आलेल्या पाहुण्यांत गेले, ते धरायचे नाहीत.
मोठी जाऊ सुरमादीदी पायरीवर बसून म्हणाली, अगं, नवरा आलाय की जावई? नवी रजई त्याला, तूप त्याला, आणि तू चुलीपाशी गोणपाटावर! म्हटलं, दीदी, तुमचे हे कधी ही टेकडी उतरलेत का? तुम्हाला काय कळणार. पायरीवरून उठली.

२० नोव्हेंबर
ठरवलं, रोज तासभर बोलायचं. आज बोललो. म्हैस. गवत. बिबट्या. मग विचारलं, तिकडे बर्फात कसं होतं? म्हणाले, थंडी होती. चहा निवला. उद्यापासून नक्की.

११ डिसेंबर
मधे जमलं नाही. गवत कापायचं होतं. यांचा त्रास काही नाही. घरात आहेत की नाहीत कळत नाही. म्हणजे रुळले.

२९ डिसेंबर
गुळाचे अरसे तळले, डबाभर. खावेसे वाटले म्हणून. डब्याला दोरीही बांधली. ते आत ट्रंक भरत होते. मी विचारलं नाही. तेही बोलले नाहीत.

३० डिसेंबर
पहाटे सडकेवर गेलो. ट्रंक त्यांच्याकडे, डबा माझ्याकडे. खाली कोटद्वार स्टेशनला जाणारी बस थांबली. कंडक्टर म्हणाला, हवालदारसाब, तुम्ही तर रिटायर झालात ना, आता कुठली पलटण? दोघंही बघत राहिलो. दर वर्षी साठ दिवसांची सुट्टी, साठाव्या दिवशी ही बस. लग्नानंतरची बावीस वर्षं हेच. बस गेली. चढ चढून परत आलो.

३१ डिसेंबर
एकसष्टावा दिवस. लग्न झाल्यापासून असा दिवस आलाच नव्हता. चहा दिला. ते बसले. मीही बसले. यापुढे नवराबायको काय करतात, मला माहीत नाही.