लायलच्या गाडीतला दिवा पेटलाच नव्हता

मी, हेस्टर ट्रेव्हॉस्किस, वय ६९, कै. आर्थर ट्रेव्हॉस्किस यांची मुलगी, धंदा गाड्यांचं वायरिंग, राहणार पेनरोज वेल, दक्षिण ऑस्ट्रेलिया, हे माझ्या हाताने, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी सप्टेंबरपर्यंतची मुदत दिली आहे, ती पोटातल्या गाठीमुळे. आठवणीला काहीही झालेलं नाही. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. पूर्वी ज्याने आणला त्याचं नाव पुढे येईल. आधीच्या मृत्युपत्रात मी सर्व काही धाकटा भाऊ मर्विन याला दिलं होतं. ते मृत्युपत्र मी रद्द करते.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी आमचे पोस्टमास्तर नेव्हिल स्टॅथम यांनी करावी. ते सगळं हळू करतात, पण वाचल्याशिवाय शिक्का मारत नाहीत. मला तेवढंच हवं आहे.

कलम २. गावच्या पूर्व टोकाचं माझं राहतं घर, पाण्याच्या दोन टाक्या आणि मागची शेड, हे सगळं टॅमसिन कोर्बेट हिला द्यावं. टॅमसिन ही कै. लायल कोर्बेट याची मुलगी. लायल आणि मी लग्न केलं नव्हतं. एकोणीस वर्षं दर रविवारी तो माझ्याकडे जेवायला यायचा आणि सोमवारी सकाळी निघायचा. गावाने याला काय म्हणायचं ते म्हणून घेतलं आहे. माझी भावजय ग्वेंडा सर्वांत जास्त म्हणाली, म्हणून माझ्या घरातली एक वाटीसुद्धा तिला जाऊ नये.

कलम ३. 'ट्रेव्हॉस्किस गॅरेज व भाड्याच्या गाड्या' या धंद्यातला माझा निम्मा हिस्सा मर्विनला मिळू नये. तो विकून येईल ते गावच्या स्वयंसेवकांच्या रुग्णवाहिकेला द्यावं. लायलला उलटलेल्या गाडीतून बाहेर काढायला त्या लोकांना चार तास लागले. त्यांच्याकडे पत्रा कापायचं धड यंत्र नव्हतं.

कलम ४. हत्यारं. पाने, सोल्डरिंगची पेटी, वायर सोलायचे चिमटे, सगळं तंत्रशाळेला. फक्त वायरीतला प्रवाह मोजायचा माझा मीटर मर्विनला द्यावा. चाळीस वर्षं तो गॅरेजचा मालक म्हणून मिरवला आणि त्याला मीटर धरता येत नाही. आता शिकायला वेळ मिळेल.

कलम ५. मर्विनला याहून अधिक काही का नाही, ते इथे लिहिते.

डिफरन्शियल म्हणजे गाडीच्या आसाच्या मधोमध असते ती फुगीर लोखंडी पेटी. इंजिनाचा जोर तिथे दोन्हीकडच्या चाकांत वाटला जातो. आतली दातेरी चाकं तेलात बुडून फिरतात. फेब्रुवारीच्या उन्हात, मऊ वाळूत, चारही चाकांना जोर देऊन, मागे ओझं ओढत टेकड्या चढत राहिलात की ते तेल जळायला लागतं. म्हणून आमच्या पिकअप गाड्यांच्या मागच्या पेटीत अंगठ्याएवढा एक सेन्सर असतो. तेल फार तापलं की तो गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो. आधी चालकासमोर दिवा लागतो. तरी थांबला नाही, तर चार चाकांचा जोर आपोआप तुटतो. चालक शिव्या देतो, खाली उतरतो, चहा करतो. अर्ध्या तासाने पेटी निवते आणि गाडी पुढे जाते. याहून जास्त यात काही नाही.

आमच्या गाड्या वाळवंटात बोअर मारणाऱ्या टोळ्या भाड्याने नेत. २०२० च्या डिसेंबरात मर्विन माझ्या बाकापाशी आला.

"अगं हेस, ते बोअरवाले रोज फोनवर माझी आई-बहीण काढतात. ऐन टेकाडावर गाडी बसकण मारते म्हणे. काहीतरी कर ना."

"ओझं कमी न्या म्हणावं. आणि दिवा लागला की थांबा म्हणावं."

"थांबायला गाडी भाड्याने घेतात का कुणी? तुझा तो सेन्सर म्हणजे नुसती सासू आहे. बसल्या जागी कटकट. तिचं तोंड बंद करता येतं, मला माहीत आहे. एक रेझिस्टर लावायचा, बस."

ते खरं होतं. तांदळाच्या दाण्याएवढा तो तुकडा सेन्सरच्या जागी वायरीला जोडला, की कॉम्प्युटरला कायम तेल गार असल्याचंच कळतं. आत आग लागली तरी. मी म्हटलं, मी असलं काम करणार नाही. तो हसला आणि गेला. आठवड्याने एका गाडीखाली शिरले तर तुकडा जोडलेला. दुसऱ्या गाडीखाली, तिथेही. कुठल्याशा व्हिडिओत बघून त्याने स्वतः लावले होते. सोल्डरचा टाकाही धड नव्हता.

मी अंगणभर ऐकू जाईल असं भांडले. शेवटी म्हटलं, "लायलच्या गाडीला हात लावलास तर याद राख."

"लायलची गाडी सोडलीय. आईशप्पथ," तो म्हणाला.

मी ऐकलं आणि कामाला लागले. नऊ गाड्या होत्या, त्यातली एक लायल बोअरवाल्यांना पाणी पोचवायला चालवायचा. एक सोडली, तर बाकीच्या आठांत बसणाऱ्यांचं काय, हे मी विचारलं नाही. तो दोष मर्विनचा नाही, माझा आहे. तो इथे माझ्या नावावर लिहून ठेवते.

९ फेब्रुवारी २०२१ रोजी लायल पाण्याची टाकी ओढत बोअरवाल्यांच्या उत्तरेच्या तळावर चालला होता. सेहेचाळीस अंश ऊन होतं. वाळूच्या टेकड्या संपून कच्च्या सडकेला लागल्यावर, ताशी ऐंशीच्या वेगात, त्याच्या मागच्या डिफरन्शियलचे दाते एकमेकांत जळून चिकटले. मागची चाकं जागच्या जागी आवळली. गाडी तीनदा उलटली.

भंगार आमच्याच अंगणात आणलं. तपासनीस दुपारी येणार होता. सकाळी मर्विन त्या गाडीशेजारी मातीत बसून रडत होता. मला म्हणाला, "हेस, माझ्याने होत नाही. तुझे हात बारीक आहेत. काढ ना ते. बाबांचं नाव जाईल गं."

मी काय काढायचं ते मला कळलं. लायलच्या गाडीलाही त्याने तो तुकडा लावला होता.

त्या क्षणी जवळ पाना होता. तो मी मर्विनच्या डोक्यात घालायला हवा होता. त्याऐवजी मी खाली शिरले, तुकडा काढला, सेन्सरची मूळ वायर जोडली आणि बाहेर येऊन हात धुतले. का, हे तीन वर्षं स्वतःला विचारते आहे. उत्तर मिळालेलं नाही, आणि मिळालं तरी ते सबब म्हणून इथे लिहिणार नाही.

चौकशीत मला एकच प्रश्न विचारला: "सेन्सर चालू होता का?"

मी म्हटलं, "हो."

सेन्सर चालूच होता. शेवटपर्यंत तेल किती तापलंय ते सांगत होता. त्याचं ऐकायला दुसऱ्या टोकाला कुणी जोडलेलं नव्हतं, एवढंच. निकालपत्रात लिहिलं गेलं की चालकाने धोक्याच्या दिव्याकडे दुर्लक्ष केलं. लायलने. जो माणूस पेट्रोलचा दिवा लागला तरी गाडी बाजूला घेऊन उतरायचा, डबा उघडायचा आणि मलाच म्हणायचा, "गाडी काहीतरी सांगत्येय, ऐकू या." अंत्यविधीला ग्वेंडा हातात सँडविच धरून म्हणाली, "तसा तो जरा धांदरटच होता." मी तिच्या कपात चहा ओतला.

आणि सर्वांत वाईट हे. वर्षश्राद्धासारखं म्हणून पुढच्या फेब्रुवारीत टॅमसिन माझ्याकडे आली. चहाला हात न लावता तिने विचारलं, "हेस्टर, बाबाने खरंच दिवा बघून गाडी दामटली असेल का गं? तू त्याला ओळखायचीस."

मी म्हटलं, "चौकशीत आलं ते आलं, बाळा."

तिने मान हलवली आणि गेली. त्यानंतर तिने लहान मुलांच्या शाळेची बस चालवायचं काम सोडलं. बापाच्या अंगात होतं ते आपल्याही अंगात असेल, अशी तिला भीती वाटली होती.

म्हणून मर्विनला मीटर.

कलम ६. लायलच्या गाडीतून काढलेला तुकडा माझ्या शिवणाच्या डब्यात, तारीख लिहिलेल्या पाकिटात आहे. मी गेल्यावर नेव्हिलने तो पोलिसांकडे द्यावा.

इथवर मी सोमवारी लिहिलं आणि सहीसाठी साक्षीदार म्हणून हॉटेलच्या स्वयंपाकीण आयव्ही प्लंकेट यांना बोलावलं. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते. आयव्हींनी वाचला. मग पेन खाली ठेवलं.

"मी सही करणार नाही."

"का?"

"मेल्यावर बोलणार होय? तेव्हा तुला उलट विचारणारं कोण असेल? मर्विन म्हणेल, म्हातारीचं डोकं फिरलं होतं. आणि ती पोरगी कुणाच्या नावाने ओरडणार, थडग्यावरच्या दगडाच्या?"

"मी आजारी आहे, आयव्ही."

"दिसतंय की. गाडी चालवता येत नसेल तर मी नेते."

मला त्यांचा इतका राग आला की मी त्यांना घराबाहेर काढलं. मंगळवारी त्यांच्याच गाडीतून पोलीस ठाण्यात गेले.

कलम ७ (गुरुवारी जोडलेलं). कलम ६ मी रद्द करते. तो तुकडा मी स्वतः सार्जंटच्या टेबलावर ठेवला आहे आणि शपथेवर सात पानांचा जबाब दिला आहे. माझ्यावर खटला भरायचा असेल तर लवकर भरावा, असं मी त्यांना सांगितलं. बाकीच्या गाड्या त्याच दुपारी जप्त झाल्या. त्यातल्या तीन गाड्यांत तुकडे अजून होते. बोअरवाल्यांची माणसं आदल्या दिवसापर्यंत त्यांत बसत होती.

मर्विन संध्याकाळी फाटकाशी आला. आत आला नाही. म्हणाला, "तू स्वतःच्या भावाला विकलंस."

मी म्हटलं, "तू आईची शपथ घेतली होतीस. आईची कोण होतो आपण दोघं, ते आठव आणि घरी जा."

कलम ८. टॅमसिनला मी बुधवारी तिच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. ती उभी राहून ऐकत होती. मला बसायला सांगितलं नाही, आणि ते योग्यच होतं. माझं बोलणं संपल्यावर ती म्हणाली, "तुझं घर मला नको. बाबाचं नाव त्या कागदावरून खोडून आण."

फेरचौकशीचा अर्ज माझ्या सहीने गेला आहे. तिला घर नको असलं तरी कलम २ कायम राहील. तिने ते विकावं, पाडावं, त्यात शेळ्या बांधाव्यात. तिने ते घेतलं म्हणजे मला माफ केलं, असा अर्थ कुणीही काढू नये. मी काढलेला नाही.

कलम ९. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असं नेव्हिल म्हणतात. म्हणून आयव्हींना माझ्या कोंबड्या आजच, माझ्या हयातीत देऊन टाकल्या आहेत. त्या म्हणाल्या, अंडी कमी देतात. देतात.

कलम १०. मला दफनभूमीतल्या ट्रेव्हॉस्किसांच्या कुंपणात, वडिलांशेजारी पुरू नये. लायलच्या डाव्या बाजूला जागा आहे. ती टॅमसिनच्या मालकीची आहे. नेव्हिलने एकदाच, दिवसाउजेडी, तिच्या दारात जाऊन विचारावं. माझी शेवटची इच्छा वगैरे शब्द वापरू नयेत, मी किती आजारी होते ते सांगू नये. हो की नाही, एवढंच विचारावं. ती नाही म्हणाली तर तिचे आभार मानावेत आणि मला कुठेही पुरावं.

वरील मजकूर मी वाचला, तो माझा आहे, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही केली.

हेस्टर ट्रेव्हॉस्किस (सही)

आम्ही दोघांनी तिला सही करताना पाहिलं आणि तिच्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या:

१. आयव्ही प्लंकेट (सही), या वेळेसही वाचून
२. नेव्हिल स्टॅथम (सही)

पेनरोज वेल, दक्षिण ऑस्ट्रेलिया
गुरुवार, २० जून २०२४