बाबांची कुदळ घरीच ठेव

प्रिय आई, तुझ्या दोन्ही हातांचे मुके घेऊन इत्तोचा सलाम.

इथे सगळे खुशाल. डाळिंबं लागलीत, त्यांच्या सावलीत गाजरंही गोड झालीत. बाबांचा गुडघा कसा आहे?

लग्नात त्यांनी दिलेलं खजुराचं रोप आता चांगलं उंच झालंय. सासूबाई गावभर सांगतात, "सुनेनं माहेरून सोनं नाही, झाड आणलंय!" त्याच्या बुंध्याशी फुटलेली पिलं माझ्या तिन्ही नणंदांच्या बागांत लावणार आहेत, आणि ती काढायला बाबांनाच बोलावलंय.

हिवाळ्यात बाबा आले तेव्हा आपलीच कुदळ घेऊन आले. दुसऱ्याची त्यांच्या हाताला बसत नाही ना! पात्याला घरची माती तशीच होती, आणि तिनंच त्यांनी झाडाचं आळं खणलं.

परवा त्या झाडाची एक झावळी पांढरी दिसली, तीही एकाच बाजूनं. मातीतून पसरणाऱ्या त्या रोगानं मामांची बाग गेली तेव्हा सुरुवात अशीच झाली होती. मी ती कापून भाकरीच्या भट्टीत जाळली. आज दुसरी दिसली.

बाबांना येऊ देऊ नकोस. गुडघा दुखत नसला तरी दुखतोय म्हण.

आणि विहिरीजवळचं आपलं खजुराचं झाड एकदा नीट बघ. पांढरं काही दिसलं नाही, तरच मला उत्तर पाठव.

तुझीच,
इत्तो