एवढा चोथा संपवते आणि निघते

आई,

समोर परातीत बदामाचा ओला चोथा आहे, घरात कुणी नाही, आणि ह्याचं काय करू हे विचारायला मला तुमच्याशिवाय कुणी सुचत नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी स्वयंपाकघरात अडलं की मला सासूच आठवते. माझी जन्मदाती मला कळायला लागायच्या आतच गेली, त्यामुळे 'आई' अशी हाक मी पहिल्यांदा मारली ती तुम्हालाच, खिदिरपूरच्या त्या दोन खोल्यांत, तीही घाबरत घाबरत. आता आम्ही कलकत्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला, न्यू टाउनला राहतो. तुमच्या वेळी इथं नुसती शेतं आणि माशांची तळी होती. आता चौदाव्या मजल्यावर तुमच्या नातवाचा फ्लॅट आहे. तो, त्याची बायको, त्यांची छोटी, हे आणि मी. गॅलरीला कबुतरं येऊ नयेत म्हणून वरपासून खालपर्यंत जाळी मारली आहे. कबुतरं बाहेरून आत बघतात, मी आतून बाहेर बघते, आणि आमची दुपार अशी जाते.

छोटीला दूध पचत नाही. गाईचं नाही, म्हशीचं नाही, पावडरचं नाही. म्हणून सून दर रविवारी बदाम भिजवून, सोलून, मिक्सरला फिरवून त्याचं दूध काढते. सून बंगाली आहे, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि स्वभावाला सोन्यासारखी आहे. तिच्याबद्दल मला एक अक्षर वावगं बोलायचं नाही. पहिल्या रविवारी दूध बाटलीत भरून झाल्यावर तिनं थैलीतला चोथा मला दाखवला आणि म्हणाली, "मा, इसे फेंक दीजिए ना." एवढंच. फेकून द्या. माझा हात कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. अहो, हाताला लकवा भरावा तसा थांबला. मी तो चोथा डब्यात भरला आणि डबा फ्रीजरमध्ये ठेवला. झालं. तिथून सुरुवात झाली.

तो हात कुणी थांबवला हे तुम्हाला माहीत आहे. माझं लग्न होऊन महिनासुद्धा झाला नव्हता. तुम्ही सोलकढीसाठी नारळाचं दूध काढायला सांगितलं होतं. मी वाईची. आमच्याकडे उरलंसुरलं सगळं म्हशीच्या आंबोणात जायचं, त्यामुळे मी दूध पिळून घेतलं आणि चोथा मोरीपाशी बादलीत टाकून मोकळी झाले. तुम्ही येता, बादलीत बघता. ओरडत नाही. ओरडला असतात तर बरं झालं असतं. वाकून तो चोथा काढता, धुता, त्यात कांदा, मिरची, तांदळाचं पीठ घालून थालीपीठ थापता आणि दुपारी सगळ्यांदेखत फक्त माझ्या पानात वाढता. मामंजी गोदीतून जेवायला आलेले, हे ताटात मान घालून बसलेले. "इथं गोठा नाही बाई," तुम्ही म्हणालात. "इथं म्हैस नाही, आपणच आहोत. घरातलं आधी संपवावं, मग बाईनं उंबरा ओलांडावा." मी रडत रडत खाल्लं. आणि सांगू का, थालीपीठ चवीला फार चांगलं झालं होतं, त्याचा तर मला जास्त राग आला.

तुम्ही नुसत्या खाष्ट होता असं मी कुठंही म्हणणार नाही. ह्या मुलाच्या वेळी मला दिवस गेले, तेव्हा बदामाचं दूध द्यायचं म्हणून तुम्ही मला कोपऱ्यावरच्या दुकानात धाडलंत. मी नवी, बंगाली तोडकं मोडकं. "बादाम दिन" म्हणाले, त्यानं कागदी ठोंगा बांधून दिला, मी न बघता घरी आणला. उघडला तर आत शेंगदाणे! कलकत्त्यात नुसतं बादाम म्हटलं की शेंगदाणेच मिळतात, आपल्या बदामाला काठबादाम म्हणावं लागतं, हे मला काय ठाऊक? तुम्ही खाली बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. "घ्या, साताऱ्याहून इतक्या लांब आली आणि दाणेच घेऊन आली!" त्या दिवशी दाण्याची आमटी झाली. दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः जाऊन खरे बदाम आणलेत आणि दूध गाळायला तुमच्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा कडा दुमडून, शिवून मला दिलात. सुनेनं नायलॉनची थैली आणली आहे, पण मी पिळायला बसले की अजून तुमचंच फडकं वापरते. विरलंय आता, जोर लावून पिळवत नाही.

तर फ्रीजर. चोथा ओला असतो, बाहेर ठेवला की दुसऱ्या दिवशी आंबतो, म्हणून आधी गोठवायचा. मग मंद आचेवर परतायचा, वाफ यायची थांबेपर्यंत. घाई केली तर वडी पडत नाही, नुसता शिरा होतो. लसूण-तिखट घालून चटणी होते, भाजणीत मिसळून थालीपीठ होतं, आणि थंडीत खजुराचा नोलेन गूळ आला की त्याच्या वड्या अशा होतात की खाणाऱ्याला वाटावं मिठाईवाल्याकडून आणल्यात. इथंच माझं चुकलं. मी वड्या शेजारी वाटल्या. ह्या इमारतीत अर्ध्या घरांत बदामाचं, काजूचं, ओटचं दूध निघतं. बायका शिकलेल्या आहेत, त्यांनाही टाकताना वाईट वाटतं. खालच्या मजल्यावरची एक जण डबा घेऊन दारात आली. "काकीमा, आपनि तो किछु फेलेन ना, ताई निये एलाम." तुम्ही काही टाकत नाही, म्हणून घेऊन आले. मग दुसरी आली, मग तिसरी. आवळा देऊन कोहळा काढतात म्हणतात, इथं मी वडी देऊन चोथा घेऊन बसले! आणि बंगालीतला तो 'ताई', म्हणजे 'म्हणून', इतकी वर्षं इथं काढूनसुद्धा मला दचकवतो. दारात कुणी 'ताई' म्हटलं की वाटतं, माझ्या ताईचा काही निरोप आला.

ताई तुम्हाला आठवत असेल. माझी थोरली बहीण, लग्नात तुमच्याशी मानपानावरून वाजलं होतं ती. माझ्या वेण्या तिनं घातल्या, मला शाळेत तिनं पोचवलं, पहिल्यांदा साडी तिनं नेसवली. ती वाईलाच असते, लेकीजवळ. आता ती विसरायला लागली आहे. आधी नुसतं जेवले की नाही ते विसरायची. मग एकदा फोनवर मला आमची आई समजून हाक मारली आणि विचारलं, "धाकटीनं दूध प्यायलं का गं?" धाकटी म्हणजे मी. मी म्हटलं, "प्यायलं." भाची फोन घेऊन बाहेरच्या खोलीत गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "मावशी, लवकर ये. अजून ओळखते." त्या 'अजून'नं माझी झोप उडवली आहे.

मग मी गेले का? नाही. ताईला म्हटलं, फ्रीजरमधले डबे संपले की येते. बरी असेल त्या दिवशी तिचं डोकं पूर्वीसारखं चालतं, हसून म्हणाली, "द्रौपदीची थाळी आहे का तुझा फ्रीजर?" मुलानं दिवाळीनंतरचं तिकीट काढलं, मी रद्द करायला लावलं, बायकांचे डबे आलेत, आता कसं जायचं? ह्यांना विचारलं, जाऊ का, तर वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "जा की. पण तू गेल्यावर ह्या चोथ्याचं काय करायचं?" आई, उभं आयुष्य ह्या माणसासोबत काढलं. 'माझं कसं होईल' असं म्हणाले असते तरी मी राहिले असते आणि सुखानं राहिले असते. मी गॅस लावला आणि परतायला घेतलं. छोटी ओट्याशी येऊन बघत उभी राहिली. तिचं मराठी तुम्ही ऐकलं असतंत तर कपाळाला हात लावला असतात. "आज्जी, तू चोथाच का खाते? दूध का नाही पिते?" मला आठवेना, छोटीचं ते दूध मी कधी चाखून तरी बघितलं आहे का.

आणि मग तुमचा तो दिवस आठवतो. तुम्हीही अशाच होता. दर उन्हाळ्यात तुमच्या भावाचं पत्र यायचं, आईचं होत नाही, येऊन जा. मामंजी म्हणायचे, तिकीट काढतो. आणि तुम्ही, "एवढे गहू निवडून होऊ देत. एवढी आमसुलं संपवते आणि निघते." गहू निवडून व्हायचे, तोवर डाळ यायची. एक दिवस खालच्या डॉक्टरबाबूंकडे फोन आला. तुम्ही खाली जाऊन आलात. माझ्यासमोर नारळ खोवून ठेवलेला, तो तुम्ही माझ्या हातातून ओढून घेतलात आणि पिळायला बसलात. पिळताय, पिळताय. दुधाचा थेंब येत नाही तरी पिळताय. मामंजी धावत आले, दारातच म्हणाले, "तिकीट काढू?" तुम्ही म्हणालात, "आता कशाला?" मग उठलात आणि सगळा चोथा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून 'काव काव' करून कावळ्यांना हाका मारल्यात. खिदिरपूरचे ते धिटुकले कावळे, क्षणात फडशा पाडला. मी आ वासून बघत राहिले. "बघतेस काय? भात बघ," एवढंच बोललात. मला तेव्हा वाटलं, आईच्या नावानं घास ठेवला. आता वाटतं, तुम्ही टाकलात. आयुष्यात एकदाच, आणि तेही वेळ गेल्यावर. पुन्हा कधी तुम्ही माहेरचं नाव काढलं नाही.

गेल्या शनिवारी मी बाजारातून आले तर फ्रीजर रिकामा. सुनेनं सुट्टी घेतली होती. असतील नसतील तेवढे डबे काढून तिनं चोथ्याचे केक केले, सगळ्या मजल्यांवर वाटले आणि प्रत्येकीला बजावून आली की काकीमा गावाला चालल्या आहेत, आता डबा आणायचा नाही. छोटीसाठी विकतच्या दुधाचे खोके आणून कपाटात रचले. नवं तिकीट काढलं. माझी बॅगसुद्धा भरली, वर ताईसाठी शाल. "मा, फ्रीज़र ख़ाली है. अब जाइए." मी तिला जवळ घेतलं. मग ती बाहेर गेल्यावर फ्रीजरचं दार उघडून उभी राहिले. आत बर्फ आणि मटारची एक पिशवी. मला केवढं हायसं वाटायला हवं होतं! मी मात्र दार उघडंच ठेवून खाली बसले आणि रडले, फ्रीजर टीं टीं वाजायला लागेपर्यंत.

कारण आता माझ्याकडे काही कारण उरलं नाही. नाचता येईना अंगण वाकडं, तसं माझं चाललं होतं. जायला मला चोथा अडवत नव्हता, आई. मला भीती वाटते. मी वाईला जाईन, दारात उभी राहीन, ताई दार उघडेल, माझ्याकडे बघेल आणि विचारेल, "कोण पाहिजे तुम्हाला?" इथं राहिले तर फोनवर तरी मी तिची धाकटी आहे. तिथं गेले तर कदाचित कुणीच नाही. तुम्हालाही असंच काही वाटायचं का हो? आईनं ओळखलं नाही तर, म्हणून गहू निवडत बसायचात? एकदा बोलला असतात तर मी तुमच्या हातातलं सूप काढून घेतलं असतं. खरंच घेतलं असतं.

हे पत्र कुठं टाकणार मी? पत्र टाकायचं असतं, आणि टाकणं तर तुम्ही मला शिकवलंच नाही. घडी घालून तुमच्या फडक्यात ठेवून देईन. मघाशी वाटलं, तुमच्यासारखा हा चोथा कावळ्यांना घालावा. घेऊन गॅलरीत गेले तर जाळी. कावळा बाहेर कठड्यावर बसला होता, मी आत परात धरून. परत आले.

फ्रीजर रिकामा असताना हा चोथा आला कुठून, असं तुम्ही विचाराल. दुसऱ्या कुणी नाही हो केलं. काल संध्याकाळी सगळे छोटीला घेऊन बाहेर गेले होते, तेव्हा बदाम मीच भिजत घातले. एक वाटी नाही, अख्खी पिशवी ओतली. ह्या परातीत आहे तो पहिला घाणा, बाकीचे पातेल्यात टम्म फुगून बसलेत. विमान उद्या दुपारचं आहे.