बाबांची दोन सिलिंडरची गाडी

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांची जपानी मोटरसायकल सुखरूप पोचली. बाबांच्या माघारी ती मुलाकडे येणार हे उघडच होतं, त्यामुळे वाटणीच्या दिवशी तू तोंड फुगवून बसलीस ते मी मनावर घेतलेलं नाही. पण काय दशा केली होतीस गं तिची! टाकीवर ग्रीसचे अंगठे, चाकांवर लोखंडाचा कीस. तुझ्या वर्कशॉपात लेथशेजारी उभी केली की दुसरं काय होणार म्हणा.

इथल्या एका नावाजलेल्या कारागिराकडे दिली आहे. रंग झाला, क्रोम झालं, कार्बोरेटर धुऊन झाले. फक्त डावा सिलिंडर पेटत नाही. बाबा दर रविवारी कार्बोरेटर जुळवून ती लावायचे, तेव्हा कुठला स्क्रू किती सोडायचा ते आकडे कुठेतरी लिहून ठेवले असणारच. ती वही शोधून पाठव. तुला त्यातलं काही कळायचं नाही, नुसती पाकिटात घाल. बावीस तारखेला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे.

आईचा गुडघा कसा आहे? तिला नमस्कार. राग नसावा, असलाच तर पत्रात नसावा.

तुझा,
धाकटा

९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

वही नाही. कधी नव्हतीच. सात वर्षांपूर्वी बाबांचे हात थरथरायला लागले, स्क्रूड्रायव्हर खाचेत बसेना. तेव्हापासून दर रविवारी गाडी मी लावत होते आणि बाबा स्टुलावर बसून चहा पीत होते. घरात बोलू नकोस म्हणाले, नाही बोलले. तू सुट्टीला यायचास, एक फेरी मारायचास आणि बाबा, काय लावलीय गाडी, म्हणून शाबासकी द्यायचास. त्या वेळी मी आत हात धुवत असायचे.

तुझ्या नावाजलेल्याने पुस्तकात बघून दोन्ही स्क्रू दीड-दीड आटे सोडले असणार. अरे शहाण्या, डावा कार्बोरेटर झिजलाय. त्याला पुस्तक वाचता येत नाही. उजवा हात एका सायलेन्सरमागे, डावा दुसऱ्यामागे धरायचा आणि दोन्ही तळहातांना हवेचा धक्का सारखा लागेपर्यंत मधे मधे हात काढून डावा स्क्रू थोडा थोडा सोडत जायचा. एवढंच.

आणि आता स्पष्टच सांगते. ती गाडी मला हवी आहे. बाबांना शब्द दिला होता म्हणून त्या दिवशी गप्प बसले. चूक केली. परत पाठव.

आईचा गुडघा तसाच, जीभ मात्र ठणठणीत. जीव आहेच तुझ्यावर, अक्कल तेवढी तू बघ.

तुझी,
ताई

१४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून करमणूक झाली. कारागिराला वाचून दाखवलं, तोही पोट धरून हसला. तळहात म्हणे! लेथवर बुश कातणं वेगळं आणि बाबांचं कसब वेगळं. गेलेल्या माणसाच्या नावावर स्वतःची फुशारकी मारताना तुला काहीच कसं वाटलं नाही?

गाडी मिळणार नाही. विषय संपला. प्रदर्शनाचा फोटो पाठवीन, वर्कशॉपात लाव.

तुझा,
धाकटा

२३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोटो पाठवत नाही. गाडी मांडवात एका सिलिंडरवर फटफटली, धूर ओकली आणि बंद पडली. सगळ्यांसमोर ढकलत बाहेर काढली. कारागीर त्याआधीच पसार.

वर बाबांचे दोस्त, तुमच्या गावचे ते छापखानेवाले काका, तिथे टपकले. चारचौघांत मोठ्याने विचारू लागले, की हिची डॉक्टरीण कुठाय? बाबा म्हणे त्यांच्याकडे जाऊन दरवेळी सांगायचे, आपल्या हातात आता काही उरलं नाही, ही पोरीच्या हातावर चालते. मला हे कुणी सांगायचं नव्हतं का? बाबांनी परक्याला सांगावं आणि मला नाही?

गाडी टेम्पोत घातली आहे. फक्त दुरुस्तीसाठी. चार दिवसांत परत पाठव. जास्त मिजास करू नकोस, ही विनंती.

तुझा,
धाकटा

१ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

बाबांनी तुला नाही सांगितलं, कारण तुझ्या डोळ्यांत त्यांना मोठं राहायचं होतं. मला ते तेव्हाही कळत होतं आणि तेव्हाही झोंबत होतं.

डावा सिलिंडर अर्ध्या तासात बोलला. आवाज ऐकून आई काठी टेकत बाहेर आली. मी तिला सगळं सांगायला लागले, तर म्हणाली, तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. रविवारी वर्कशॉप बंद, तरी सात वर्षं दर सोमवारी ग्रीसचे कपडे कुणाचे धुवायला पडत होते? मग वाटणीच्या दिवशी तू गप्प का, असं मी विचारलं. म्हणाली, तू तोंडाने मागशील म्हणून वाट बघत होते. मला रडूच आलं रे.

मी मागितली. तिने कपाटातून गाडीचे कागद काढून माझ्या हातात ठेवले.

तेव्हा यायचं तर खुशाल ये. जेवायला वाढीन, मागे बसवून गावभर फिरवीन. किल्ली मिळणार नाही.

तुझी,
ताई