आजीने हात वर केला

सेल्नेस, २ डिसेंबर

चि. सिन्ने हिस आजी बोर्गहिल्डचे अ. उ. आशीर्वाद. वि. वि.,

तू फोन बंद करून ठेवलास ते बरं केलंस. म्हणून हा कागद. माझी शाळा तेराव्या वर्षी सुटली, त्यामुळे अक्षर जमेल तसं लाव.

इथे सगळे जिवंत आहेत, पण तोंडं अशी केलीत की घराघरांत मयत झाली असावी. आपला फुटबॉल क्लब खालच्या गटात गेला. हंगामाच्या शेवटच्या रविवारी आपण जिंकलो, ओळख नसलेली माणसं माझ्या गळ्यात पडली, आणि मग कुणीतरी म्हणालं की दक्षिणेतला तो दुसरा सामना अजून चालू आहे. तिथे बरोबरी झाली तर आपण बुडालो. आम्ही बर्फात गुणांच्या बोर्डाखाली उभे. आणि तू त्याच सामन्याची व्हिडिओ पंच, ओस्लोच्या त्या बिनखिडकीच्या खोलीत पडद्यावर चेंडू लागला का म्हणून कुणाचं तरी बोट बघत बसलीस. मैदानावर कुणी ओरडलं नव्हतं, कुणी काही मागितलं नव्हतं. पंच नुसता कानातल्या यंत्राला हात लावून तुझं ऐकत उभा. मग पेनल्टी, मग गोल, मग आमची घरी पांगापांग.

तू गावची म्हणून तुला आपल्या क्लबचा सामना कधी देत नाहीत. पण दुसऱ्यांच्या सामन्यात आपला गळा अडकलाय, हे नेमणुका करणाऱ्या शहाण्यांच्या डोक्यात आलं नाही.

काल क्लबच्या नाताळ बाजारात मी दरवर्षीसारखी जाळीदार गोड वाफल भाजत होते. माझ्यापुढे एक माणूस नाही, आणि ओड्वारच्या बायकोपुढे रांग. ती वाफल करपवते हे गावातली कुत्रीसुद्धा जाणतात. ओड्वार क्लबचा अध्यक्ष झाल्यापासून छाती पुढे काढून चालतो. मला विचारतो कसा, की बोर्गहिल्ड, नातीला चष्मा दिलाय का दुर्बीण? मी म्हटलं, तुझ्या गोलरक्षकाला दोन्ही घेऊन दे, मग माझ्या नातीकडे ये.

नाताळला येतेस ना? लोकांकडे बघू नकोस, माझ्याकडे ये.

जेवत जा. आजीवरचा जीव कमी करू नकोस.
बोर्गहिल्ड


ओस्लो, ९ डिसेंबर

ती. आजीस सिन्नेचा सा. न. वि. वि.,

पत्र पोचलं. गोलरक्षकाचं वाचून हसले, बऱ्याच दिवसांनी.

चेंडू बोटाला लागला होता, आजी. लागलेला नसू दे असं म्हणत मी तो पुन्हा पुन्हा बघितला, आणि दर वेळी तो लागतच होता. गुणतक्ता मला पाठ होता. पंचाला सांगायच्या आधी मला तू दिसत होतीस, बोर्डाखाली, ती लाल टोपी घालून. तरी सांगितलं. दुसरं काय करणार होते?

गुडघा गेला तेव्हापासून मैदानावरची शिट्टी गेली. ही खोली तेवढी उरली आहे. मैदानावर लोक तोंडावर शिव्या द्यायचे आणि सामना संपला की हात मिळवायचे. आता कुणीतरी माझ्या घराच्या दाराचा फोटो काढून मलाच पाठवलाय. खाली काही लिहिलेलं नाही, नुसतं दार. मी दमले आहे. नाताळला येत नाही, रागावू नकोस.

एक मागते. फेब्रुवारीत क्लबची वार्षिक सभा आहे. व्हिडिओ पंच बंद करा, असा ठराव ओड्वारने मांडलाय, पेपरात आलंय. सगळ्या क्लबांनी तसं ठरवलं तर माझं काम संपलं. तू सभासद आहेस, आणि तिथे मत हात वर करून देतात. माझ्या बाजूने हात वर कर असं मी म्हणत नाही. त्या संध्याकाळी फक्त घरी बस. तुझा हात माझ्याविरुद्ध गेला, हे मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नाही.

गुडघ्यांना जप. माया अशीच राहू दे.
सिन्ने


सेल्नेस, १४ जानेवारी

चि. सिन्नेस अ. उ. आ.,

नाताळ झाला. मी एकटीने मेंढीच्या बरगड्या खाल्ल्या आणि एकटीनेच भांडी घासली. मरायला टेकले नव्हते, तेव्हा वाईट वाटून घेऊ नकोस.

तू म्हणतेस घरी बस. महिनाभर उत्तर दिलं नाही, कारण मला येत नव्हतं. खोटं वचन मी तुझ्या आजोबांनाही कधी दिलं नाही. ऐक. चुकली असतीस तर गावाने चार शिव्या घालून सोडून दिलं असतं. तू बरोबर निघालीस, तेच त्यांना गिळवत नाही. तुझी चूक नाही हे मी तुला लेखी देते.

पण माझं वेगळं आहे. आता गोल झाला की मी उठत नाही. आधी पंचाच्या कानाकडे बघते. सगळं गाव कानाकडे बघतं. मग तिकडून कळतं की आनंद करा, तोवर माझा पाय बधिर झालेला असतो. या वयात आनंद थांबवून ठेवायला जागा कुठे आहे? हे मी पडद्याबद्दल बोलते आहे, तुझ्याबद्दल नाही. ते वेगळं करता येतं का, मला ठाऊक नाही. मी सभेला जाणार.

चिडलीस तर चिड, पण पत्र लिही.
आजी


सेल्नेस, २७ फेब्रुवारी

चि. सिन्नेस आशीर्वाद, घेशील तर,

दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतंस, म्हणून रात्री न झोपता लिहिते. मी हात वर केला. बंद करा या बाजूने.

आधी ओड्वारने सगळ्यांसमोर दया दाखवली. म्हणाला की मतदानापुरती बोर्गहिल्डने बाहेर जाऊन कॉफी घेतली तरी कुणी वाईट वाटून घेणार नाही. मी म्हटलं, कॉफी मीच केली आहे, कशी झालीय मला माहीत आहे, तू मतं मोज. ठराव धडाक्यात पास झाला, माझ्या हातावाचून काही अडलं नव्हतं. मग टाळ्या वाजल्या. ओड्वार पेपरवाल्याला सांगायला लागला की बघा, हिच्या सख्ख्या आजीनेसुद्धा!

तेव्हा मी उठले. सांगितलं की चेंडू बोटाला लागला होता, माझ्या नातीने बरोबर बघितलं आणि बरोबर सांगितलं, हेही छापा. आणि ज्याने तिच्या दाराचा फोटो काढून पाठवला तो इथे असेल तर त्याने आत्ता हात वर करावा. माझा सगळ्यांनी बघितलाय. एक हात वर गेला नाही. टाळ्याही थांबल्या. मी माझी किटली उचलली आणि घरी आले.

माफी मागत नाही. तू वाचलंस एवढं कळव.
बोर्गहिल्ड


ओस्लो, २२ मार्च

आजीस नमस्कार,

वाचलं.

सगळ्या क्लबांची मोठी सभा काल झाली. पडदा ठेवायचं ठरलं. म्हणजे माझं काम राहिलं, आणि तुझा हात फुकट गेला. आनंद व्हायला हवा होता. खुर्चीवर बसले आणि नुसती बसून राहिले.

पेपरातलं कात्रण कुणीतरी पाठवलं. तू जे उठून बोललीस ते त्यात नाही. फक्त हात आहे. मला राग तुझा आलाय की त्यांचा, ते अजून ठरत नाही.

ईस्टरला सुट्टी आहे. यावं की नाही, तूच सांग. हसू येईल असं काही लिहू नकोस.
सिन्ने


सेल्नेस, ७ एप्रिल

चि. सिन्ने, आ.,

हसवत नाही. घडलं तेवढं सांगते.

काल खालच्या गटातला पहिला सामना झाला. इथे पडदा नाही, खोली नाही, कानात काही नाही. आपल्या पोराला गोलासमोर असं पाडलं की त्याच्या पायात चप्पल असती तर फ्योर्डाच्या पाण्यात गेली असती. पंचाने बघितलंच नाही. सगळं मैदान उठलं. आणि ओड्वार, ठरावाचा धनी, सगळ्यांत पुढे उभा राहून दोन्ही बोटांनी हवेत चौकोन काढायला लागला. पडदा बघा म्हणून! शेजारी त्याची बायको, तीही चौकोन काढते आहे. माझीही बोटं उचलली गेली होती, मी ती खिशात कोंबली. हरलो.

तर ये. मी वर केलेला हात खाली घ्यायची नाही. तू बघितलेलं बोट बघितलं नाही असं तू म्हणायचं नाही. एवढं मान्य असेल तर स्वयंपाकघरात दोघींना जागा आहे.

एक सांगून ठेवते. आज सकाळी ओड्वार टोपी हातात घेऊन दाराशी आला. फोनवर त्या पाडापाडीचं चित्र ठेवलंय म्हणाला. सिन्ने येणार असेल तर तिने एकदा बघून सांगावं, पेनल्टी होती की नाही, गावात कुणाला झोप नाही. मी सांगितलं की आधी ती जेवेल. मग तिला वाटलं तर बघेल.

वाट बघते.
आजी